योसेमिटीचा फोटो आणि फोटोत नसलेली माणसे

१/
कॅलिफोर्नियातील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात वावोना बोगद्याच्या पूर्वेकडील तोंडाशी एक वाहनतळ आहे. त्याचे नाव ‘टनेल व्ह्यू’. तेथे उभे राहिले की डावीकडे एल कॅपिटनचा प्रचंड कडा दिसतो, उजवीकडे ब्रायडलव्हेल धबधबा, दूरवर मधोमध हाफ डोमचे जणू अर्धे कापलेले शिखर आणि खाली सूचिपर्णी वृक्षांनी गच्च भरलेली दरी. प्रवासी गाडीतून उतरतात, फोटो घेतात आणि पाच-दहा मिनिटांत पुढे निघतात. त्या एका फोटोमागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. तो या थ्रेडमध्ये.

२/
हे दृश्य पाहताना मनात पहिला शब्द येतो तो ‘अस्पर्श’. माणसाचा हात न लागलेला निसर्ग, अशी योसेमिटीची ख्याती आहे आणि ती घडवण्यात छायाचित्रांचा वाटा फार मोठा आहे. पण ज्या काळात ही छायाचित्रे प्रथम घेतली गेली, त्या काळातील दरी माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेली होती. राखणाऱ्यांना तेथून हुसकावले, त्याला तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती.

३/
दरीचे जुने नाव ‘अवाहनी’. तेथे मुख्यतः मियुक लोकांची वस्ती होती आणि पूर्वेकडील पैयुट लोकांशी त्यांचे नातेसंबंध होते. ब्लॅक ओक वृक्षाची फळे हे त्यांचे मुख्य अन्न. ही फळे वाळवून साठवायची, कुटून पीठ करायचे, पाण्याने त्याचा कडवटपणा घालवायचा आणि मग ते शिजवायचे, अशी रीत होती. ओकला भरपूर ऊन लागते. उंच सूचिपर्णी वृक्षांची दाटी झाली की त्यांच्या सावलीत तो खुरटतो.

४/
म्हणून हे लोक ठरावीक काळाने दरीच्या तळाला आग लावत. ही आग जमिनीलगत धावणारी, बेताची असे. तिच्यात झुडपे आणि सूचिपर्णी वृक्षांची कोवळी रोपे जळून जात, जुने ओक टिकत. मोकळ्या जमिनीवर फळे वेचणे सोपे होई, नवे गवत हरणांना ओढून आणी आणि टोपल्या विणण्यासाठी सरळ, लवचिक काड्या मिळत. दरीतील विस्तीर्ण गवताळ मैदाने आणि त्यांत विखुरलेले ओक हे अशा निगराणीचे फळ होते. दूरच्या कड्यांपर्यंत नजर विनाअडथळा पोहोचत होती ती त्यामुळेच.

५/
१८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले. पुढच्याच वर्षापासून हजारो लोक सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी येऊन धडकले. नद्या, शिकारीची राने आणि ओकची झाडे मूलनिवासींच्या हातून जाऊ लागली. चकमकी वाढल्या. व्यापारी ठाण्यांवर हल्ले झाले. १८५१ च्या प्रारंभी राज्य सरकारच्या मान्यतेने ‘मॅरिपोसा बटालियन’ नावाचे नागरी सैन्य उभे राहिले. त्याचे नेतृत्व जेम्स सॅव्हेज या व्यापाऱ्याकडे होते. मूलनिवासींना डोंगरांतून काढून राखीव प्रदेशात नेणे, हे या सैन्याचे काम.

६/
मार्च १८५१ मध्ये हे सैन्य दरीत उतरले. त्यात लाफायेट बनेल नावाचा वैद्यकाची जाण असलेला एक तरुण होता. दरीच्या पहिल्या दर्शनाने आपण भारावून गेलो, असे त्याने पुढे आपल्या पुस्तकात लिहिले. त्या रात्री शेकोटीभोवती त्याच्याच सूचनेवरून सैनिकांनी मतदान घेऊन दरीचे नाव ‘योसेमिटी’ ठेवले. त्याच पुस्तकात आणखी एक नोंद आहे. सैनिकांनी मूलनिवासींच्या झोपड्या आणि ओकफळांचे साठे पेटवून दिले. उपासमार झाली की माणसे शरण येतील, हा त्यामागचा हिशेब होता.

७/
मूलनिवासींचा प्रमुख होता टेनाया. मे १८५१ मध्ये त्याचे तीन मुलगे एका त्रिशिखरी कड्याच्या पायथ्याशी पकडले गेले. पळून जाण्याच्या प्रयत्नात धाकटा मारला गेला. त्या तिघांवरून कड्याचे नाव पडले ‘थ्री ब्रदर्स’. पुढे टेनाया स्वतःही पकडला गेला. उंचावरच्या एका सरोवराला तुझे नाव दिले आहे, असे बनेलने त्याला सांगितले, तेव्हा त्या सरोवराला नाव आहेच, असे उत्तर त्याने दिले. ते नाव होते ‘पायविअ‍ॅक’. नकाशात आज ‘टेनाया लेक’ आहे.

८/
१८५३ मध्ये टेनाया मारला गेला. त्याचे लोक विखुरले. काही सिएराच्या पलीकडे गेले, काही पायथ्याच्या गावांत राहिले, काही पुन्हा दरीत परतले; पण आता ते दुसऱ्यांच्या मालकीच्या जागेवर आले होते. १८५५ मध्ये जेम्स हचिंग्स हा प्रकाशक थॉमस आयर्स या चित्रकाराला घेऊन दरीत आला. आयर्सची रेखाटने छापली गेली आणि प्रवासी येऊ लागले. १८५९ मध्ये चार्ल्स वीडने दरीची पहिली छायाचित्रे घेतली. बटालियनच्या स्वारीपासून पहिल्या कॅमेऱ्यापर्यंत केवळ आठ वर्षे गेली होती.

९/
मग १८६१ मध्ये आला कार्लटन वॉटकिन्स. न्यूयॉर्क राज्यात जन्मलेला, सोन्याच्या लाटेत पश्चिमेला आलेला आणि सॅन फ्रान्सिस्कोत छायाचित्रणाकडे वळलेला हा तरुण. दरीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, फक्त डोंगरवाटा होत्या. खास बनवून घेतलेला अवाढव्य कॅमेरा, तिवई, काचेच्या पट्ट्या, रसायनांच्या बाटल्या आणि अंधारा तंबू, असे जवळपास टनभर सामान त्याने खेचरांच्या पाठीवर लादून आणले. परत जाताना त्याच्याजवळ ३० महाकाय आणि सुमारे १०० त्रिमितीदर्शी निगेटिव्ह होत्या.

१०/
ते तंत्र होते ओल्या कोलोडियनचे. काचेच्या स्वच्छ पट्टीवर चिकट कोलोडियनचा सारखा थर ओतायचा. अंधारात ती पट्टी सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवून प्रकाश द्यायचा आणि थर वाळण्याआधी तंबूत नेऊन धुवायची. सगळे काही मिनिटांत उरकायचे. धुळीचा एक कण पडला किंवा थर असमान झाला, तर पट्टी वाया. आणि हे सारे १८ × २२ इंचांच्या, हातात धरायलाच कठीण अशा काचेवर, कड्याच्या कडेला उभे राहून.

११/
एवढी मोठी काच कशासाठी? त्या काळी निगेटिव्हवरून मोठी प्रत काढणे व्यवहार्य नव्हते. संवेदनशील कागद निगेटिव्हला चिकटवून उन्हात ठेवला जाई, म्हणजे प्रत निगेटिव्हच्याच आकाराची निघे. दरीची भव्यता भिंतीवर टांगायची, तर काचही तेवढी मोठी हवी. या पद्धतीचा एक लाभ होता. दूरच्या कड्यावरील भेग आणि जवळच्या झाडाची साल, दोन्ही सारख्याच तीक्ष्णपणे उमटत. वॉटकिन्सच्या मूळ प्रतींतील बारकावा आजही थक्क करतो.

१२/
तंत्राच्या मर्यादांनीही दृश्य घडवले. कोलोडियन निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील होते, त्यामुळे आकाश कोरे आणि पांढरे उमटे. प्रकाश बराच वेळ द्यावा लागे, त्यामुळे धबधब्याचे पाणी रेशमी पडद्यासारखे दिसे आणि हलणारे काहीही धूसर होई. परिणामी समोर येई ती निश्चल, निःशब्द, जणू काळाच्या पलीकडची दरी. वॉटकिन्सने १८६१ मध्येच ‘थ्री ब्रदर्स’चेही छायाचित्र घेतले. शांत पाणी, त्यात उतरलेले तीन शिखरांचे प्रतिबिंब. दहा वर्षांपूर्वी तेथे काय घडले होते, याची खूण त्या चित्रात कोठेही नाही.

१३/
डिसेंबर १८६२ मध्ये ही छायाचित्रे न्यूयॉर्कच्या गूपिल दालनात मांडली गेली. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. रणभूमीवरील मृतदेहांची छायाचित्रे त्याच सुमारास लोक पाहत होते. त्या पार्श्वभूमीवर रक्ताचा डाग नसलेली ही पश्चिमेकडील भूमी प्रेक्षकांसमोर आली. आल्बर्ट बीअरस्टाट हा ख्यातनाम चित्रकार १८६३ मध्ये प्रत्यक्ष योसेमिटीला गेला आणि त्याच्या सोनेरी प्रकाशातील भव्य चित्रांनी दरीची कीर्ती आणखी पसरली.

१४/
फेब्रुवारी १८६४ मध्ये इस्रायल रेमंड या जहाज कंपनीच्या प्रतिनिधीने कॅलिफोर्नियाचे सिनेटर जॉन कॉनेस यांना पत्र लिहून दरीच्या संरक्षणाची मागणी केली. दरी कशी आहे याची कल्पना यावी, म्हणून तिची चित्रेही पाठवली. ३० जून १८६४ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी कायद्यावर स्वाक्षरी केली. योसेमिटी दरी आणि महावृक्षांची मॅरिपोसा राई सार्वजनिक उपयोगासाठी व विरंगुळ्यासाठी कायमची राखून कॅलिफोर्निया राज्याकडे सोपवली गेली. राष्ट्रीय उद्यानांच्या कल्पनेचे एक मूळ या कायद्यात आहे.

१५/
हा कायदा खरोखरच दूरदर्शी होता. त्याच्या अभावी ही दरी लाकूडतोडीच्या आणि खासगी मालकीच्या तावडीत गेली असती. पण ज्यांची घरे त्या दरीत होती, त्यांच्या हक्काचा उल्लेख त्यात नव्हता. जपायचे होते ते दृश्य. कोणाच्या श्रमांनी ते तसे राहिले, हा प्रश्न कायदा करणाऱ्यांसमोर आलाच नाही. कारण त्यांनी पाहिलेल्या चित्रांत त्या श्रमांची ओळख पटण्यासारखे काही नव्हते.

१६/
१८६५-६६ मध्ये वॉटकिन्स पुन्हा दरीत गेला. त्या वेळच्या एका छायाचित्राचे शीर्षक आहे ‘बेस्ट जनरल व्ह्यू’, म्हणजे दरीचे सर्वोत्तम समग्र दृश्य. प्रवाशाने कोठे उभे राहायचे, हे येथे शीर्षकातच ठरून गेले. आजच्या ‘व्ह्यू पॉइंट’च्या पाट्यांचा हा पूर्वज. १८७२ मध्ये एडवर्ड मायब्रिज महाकाय कॅमेरा घेऊन आला. कॅमेऱ्याच्या आड येणारी अनेक झाडे त्याने तोडल्याचे तेव्हाच्या वृत्तपत्रात छापून आले, तेही त्याच्या चिकाटीचे कौतुक म्हणून. कोऱ्या आकाशावर इलाज म्हणून ढगांच्या वेगळ्या निगेटिव्ह वापरण्यातही तो वाकबगार होता.

१७/
पुढे रस्ता बदलला तसे ‘सर्वोत्तम दृश्य’ही सरकत गेले. बनेलने जेथून दरी पाहिली ते ‘इन्स्पिरेशन पॉइंट’ जुन्या पायवाटेवर होते. १८७४-७५ मध्ये घोडागाड्यांचे रस्ते दरीत पोहोचले, तेव्हा त्याच उतारावर त्याच नावाची नवी जागा ठरली. १८८८ मध्ये कोडॅक, १९०० मध्ये एक डॉलरचा ब्राउनी कॅमेरा, १९१३ मध्ये दरीत मोटारींना परवानगी. १९३३ मध्ये वावोना बोगदा खुला झाला आणि त्याच्या तोंडाशी, वाहनतळासह, टनेल व्ह्यू तयार झाला. टनभर सामान वाहून जे दृश्य मिळवावे लागे, ते आता गाडीच्या दारात आले.

१८/
वॉटकिन्सचे काय झाले? कर्जापायी १८७० च्या दशकात त्याचे दालन आणि निगेटिव्ह दुसऱ्यांच्या हाती गेल्या. त्याचीच छायाचित्रे प्रतिस्पर्ध्याच्या नावाने विकली जाऊ लागली. त्याने नव्याने संग्रह उभा केला. तो १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत भस्मसात झाला. दृष्टी गेलेली, मन खचलेले, अशा अवस्थेत १९१६ मध्ये नापा येथील मनोरुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. योसेमिटीत ‘माउंट वॉटकिन्स’ नावाचे शिखर आहे. त्याच्या कबरीवर मात्र नावाचा दगडही नव्हता.

१९/
त्याच १९१६ साली सॅन फ्रान्सिस्कोचा १४ वर्षांचा एक मुलगा आईवडिलांबरोबर प्रथमच योसेमिटीला आला आणि त्याच्या हातात ब्राउनी कॅमेरा दिला गेला. तो अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स. १९२७ मध्ये हाफ डोमचे छायाचित्र घेताना लाल फिल्टर लावून त्याने आकाश जवळजवळ काळे केले आणि कड्याचे भव्यपण उठावदार केले. १९३० च्या दशकात टनेल व्ह्यूच्या परिसरातून टिपलेले त्याचे ‘क्लिअरिंग विंटर स्टॉर्म’ हे छायाचित्र जगभर पोहोचले. ढग फाटतात, कडे उजळतात. पायाखालचा रस्ता आणि मागे थांबलेल्या मोटारी चौकटीत नाहीत.

२०/
मूलनिवासी तेव्हाही दरीत होते. हॉटेलांत आणि रस्त्यांवर काम करत, टोपल्या विणून विकत. १९१६ ते १९२९ या काळात ‘इंडियन फील्ड डेज’ नावाचा उत्सव प्रवाशांसाठी भरवला जाई. त्यात त्यांनी दूरच्या मैदानी जमातींचा पोशाख घालून यावे, अशी अपेक्षा असे. कारण प्रवाशाला फोटोत हवा होता तो त्याच्या कल्पनेतील ‘इंडियन’. पुढे त्यांची वस्ती आटवत नेली गेली. उरलेली घरे १९६९ मध्ये आग विझवण्याच्या सरावासाठी जाळून टाकली. तेथील शेवटच्या मूलनिवासी रहिवाशाने नोकरीतून निवृत्त होताना, १९९६ मध्ये, दरी सोडली.

२१/
दरीचे रूपही दरम्यान पालटत होते. मूलनिवासींची आग थांबली होती, आणि नव्या व्यवस्थापनाच्या लेखी आग म्हणजे संकट. झुडपे माजली, सूचिपर्णी रोपटी वाढून झाडे झाली. दरीचे पहिले राखणदार म्हणून नेमलेले गेलन क्लार्क १८५५ पासून ती पाहत आले होते. त्यांनी १८९४ मध्ये लिहून ठेवले की आपण प्रथम आलो तेव्हाची मोकळी मैदाने आताच्या निदान चौपट होती. मूलनिवासी आग लावत, म्हणून ती मोकळी राहत, हे कारणही त्यांनी नोंदवले.

२२/
१९२९ मध्ये एक वृद्ध स्त्री दरीत आली. तिचे नाव तोतुया. मारिया लेब्राडो या नावानेही ती ओळखली जाई. ती टेनायाची नात. १८५१ मध्ये लहान मुलगी असताना ती येथून बाहेर पडली होती, आणि ७८ वर्षांनी परतत होती. तिच्या पिढीतील दुसरे कोणी उरले नव्हते. धबधबे, कडे तिने ओळखले. दरीच्या तळाकडे पाहून मात्र तिने मान हलवली. फार घाण झाली आहे, फार झाडोरा माजला आहे, अशा अर्थाचे तिचे उद्गार नोंदले गेले आहेत.

२३/
तिच्या या दोन शब्दांचे वजन लक्षात घ्यायला हवे. प्रवाशांना जी दरी रानटी आणि म्हणून सुंदर वाटत होती, ती तिला न झाडलेल्या अंगणासारखी दिसली. छायाचित्रांनी जिला ‘निसर्ग’ म्हटले, तिला ती ‘घर’ म्हणत होती. घराची निगा कोणीतरी राखावी लागते, हे तिला ठाऊक होते. उद्यानाच्या कारभाऱ्यांना ते उमगायला आणखी अनेक दशके लागली. १९७० च्या दशकापासून नियंत्रित आगीचा वापर योसेमिटीत होऊ लागला.

२४/
२०११ मध्ये उद्यान प्रशासनाने ‘दृश्यस्थळ व्यवस्थापन आराखडा’ मंजूर केला. वाढलेल्या झाडांनी जुनी प्रसिद्ध दृश्ये झाकली जात होती, म्हणून ठरलेल्या जागांवर झाडे तोडून ती पुन्हा मोकळी करायची, असे त्याचे स्वरूप. अशा कामात जुनी छायाचित्रे आणि चित्रे पुरावा म्हणून उपयोगी पडतात. ज्या प्रतिमांनी दरीला ‘अस्पर्श’ ठरवले, त्यांच्याच आधारे आता ती माणसाच्या हाताने पूर्ववत करायची वेळ आली. जे काम पूर्वी बेताची आग करत असे, ते करवत करू लागली.

२५/
छायाचित्रांची ओढ ओसरलेली नाही. अ‍ॅडम्सने ग्लेशियर पॉइंटवरून टिपलेल्या ‘ऑटम मून’ची नेमकी वेळ खगोलशास्त्रज्ञांनी १५ सप्टेंबर १९४८, सायंकाळी ७ वाजून ३ मिनिटे अशी शोधून काढली. चंद्राची तीच स्थिती २००५ मध्ये पुन्हा येणार, हे कळताच शेकडो लोक तेथे जमले. १९७३ मध्ये गॅलन रॉवेलने टिपलेला, मावळत्या उन्हात अग्निप्रवाहासारखा दिसणारा हॉर्सटेल धबधबा आता दर फेब्रुवारीत एवढी गर्दी खेचतो की नदीकाठ तुडवला जातो आणि वाहनांवर निर्बंध घालावे लागतात. २०१६ मध्ये उद्यानाला ५० लाखांहून अधिक लोकांनी भेट दिली.

२६/
या कथेला अलीकडचे एक पानही आहे. २०१८ मध्ये उद्यान प्रशासन आणि सदर्न सिएरा मियुक समाज यांच्यात ३० वर्षांचा करार झाला. ज्या वस्तीतील घरे जाळली गेली होती, तेथेच ‘वाहोगा’ हे गाव पारंपरिक पद्धतीने पुन्हा उभारायचे आणि आपले विधी तेथे करायचे, हा अधिकार त्यांना मिळाला. उशिरा मिळालेला आणि मर्यादित, पण दरीच्या आत मिळालेला अधिकार.

२७/
वॉटकिन्सच्या १८६१ च्या छायाचित्रांकडे हे सारे जाणून पाहिले, तर नजर कड्यांवरून खाली येते. तळाशी मोकळी मैदाने दिसतात, अंतर राखून उभे असलेले ओक दिसतात, त्यांच्यामधून वाहणारी मर्सेड नदी स्पष्ट दिसते. दहा वर्षांपूर्वीपर्यंत त्या जमिनीची निगा राखणारी माणसे कॅमेऱ्यासमोर नव्हती. त्यांचे काम मात्र काचेवर पुरतेपणी उमटले आहे. ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणून दीडशे वर्षे भिंतींवर टांगलेली ही छायाचित्रे तोतुयाच्या लोकांच्या श्रमांचा सर्वांत तपशीलवार पुरावा आहेत.